पाडव्यापुढची हाक

जामखेडहून खर्ड्याकडं जाणारी एसटी फाट्यावर थांबली तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. रोहिणी दोन बॅगा घेऊन उतरली आणि तिथंच मैलाच्या दगडावर टेकली. विमानं दोन, गाड्या तीन आणि त्याआधी सबंध एक वर्ष. सगळ्याचा शीण एकदम अंगावर आला.

मलावी नावाच्या देशातल्या एका आरोग्य केंद्रात ती वर्षभर राबून आली होती. नर्सिंग झालेलं, चौदा वर्षं दवाखान्यात नोकरी, नवऱ्याशी काडीमोड, मूलबाळ नाही. एका संस्थेनं बिनपगारी सेवेला बोलावलं, ही निघाली. तिथं रोज शंभरेक पोरं काट्याला टांगून वजनं घ्यायची, आजारी बायांना गोळ्या वाटायच्या, मग बादली घेऊन हातपंपाच्या रांगेत उभं राहायचं. माणसं मोठी जीव लावणारी, खोटं कशाला बोला! पण महिनाभरात तिच्या मनानं घेतलं, की आपण दुसऱ्यांच्या आयांच्या उशापायथ्याशी बसतोय आणि आपली आई अडुसष्टाव्या वर्षी एकटी चूल फुंकतेय. हे तिला फार लागलं. सांगणार कुणाला?

भाऊ अजिनाथ आणि भावजय दसरा झाला की ऊसतोडीला सांगलीकडं जायची, ती गुढीपाडव्याला परत. निम्मं गावच जायचं. मागं उरायची म्हातारी माणसं, आणि त्यांची एक रीत होती. दिवेलागणीला उंबऱ्यात उभं राहून गेलेल्या माणसाला नावानं एकदा हाक मारायची. त्यानं असेल तिथून ‘ओ’ द्यायची, मोठ्यानं नाहीतर मनात. म्हणजे घराला माणसाची ओळख राहते म्हणे. रोहिणी शिकलेली, तिला हसू यायचं. पण परदेशात एकटं पडल्यावर तिनंच फोनवर आईला म्हटलं, “आये, मलाबी मारत जा गं हाक.”

इथली दिवेलागण म्हणजे तिथले दुपारचे तीन. तीन वाजले की काट्यापाशी उभी असलेली रोहिणी हळूच ‘ओ’ म्हणायची. बरं वाटायचं. पुढं जूनमध्ये तिथं गोवराची साथ आली, पोरं ओळीनं आजारी पडली आणि तीन कधी वाजतात ते कळेनासं झालं. ओ राहिली ती राहिलीच.

ती घरी पोचली तेव्हा आई, मनकर्णा, चुलीपुढं बसली होती. रोहिणीला वाटलेलं, आई गळ्यात पडेल, रडेल, भाकरतुकडा ओवाळून टाकेल. अजिनाथ सहा महिन्यांनी आला तरी ती ओवाळायची.

“आलीस व्हय? पाय धू,” आई मान वर न करता म्हणाली. “शेंगा फोडायच्यात.”

“आये, अगं वरसानं आले मी! ओवाळनार न्हाईस का?”

“रोजच्या मानसाला काय ओवाळायचं?”

रोहिणी हसली. मग तिच्यातली नर्स जागी झाली. तिनं आईला वार विचारला, महिना विचारला, अजिनाथ कुठल्या कारखान्यावर आहे ते विचारलं. सगळी उत्तरं बरोबर. मोतीबिंदू दोन वर्षांपूर्वीच काढलेला, तेव्हा नजरही चांगली. रक्तदाब तर रोहिणीपेक्षा बरा भरला.

गोळ्या बघायला तिनं फळीवरचा डबा काढला. आईला वाचता येत नाही म्हणून रोहिणी गोळ्यांच्या कागदी पुड्या करायची. सकाळच्या पुडीला लाल दोरा, संध्याकाळच्या पुडीला पांढरा. जाताना तिनं तीन महिन्यांपुरत्या बांधून ठेवल्या होत्या. डब्यात आत्ता वीस-बावीस पुड्या होत्या. एक सोडली, तर आत गोळी बरोबर तीच. कागद गेल्या आठवड्यातल्या पेपरचा. आणि प्रत्येक दोऱ्याची गाठ उलट्या अंगानं मारलेली, डावखुऱ्या माणसाची. घरात डावखुरी एकटी रोहिणी.

“ह्या कुनी बांधल्या गं?”

“तूच की. येड्यावानी काय इचारतीस?”

रोहिणीनं अंगणात जाऊन अजिनाथला फोन लावला. मागं ट्रॅक्टर घरघरत होता. “अजा, आयेच्या पुड्या वैनीनं बांधून ठिवल्या का?”

ट्रॅक्टरची घरघर लांब गेली; तो बाजूला झाला होता.

“तायडे, तू आत्ता खरंच आलीयास न्हवं?”

“म्हंजे?”

“आमी पावसाळाभर घरीच हुतो. पर मी दिवा लागला की पारावर जाऊन बसायचो. हिनं तर म्हायेरच गाठलं.” मागून कुणीतरी ओरडलं. “मुकादम हाक मारतोय. ठिवतो.”

कुडापलीकडं शेजारची पुष्पावती उभी होती. तिनं आधी रोहिणीच्या पायांकडं पाहिलं, मग तोंडाकडं.

“काकू, आत या की.”

“नगं बाई.” म्हातारीनं आवाज खाली आणला. “पाडव्याला हाक बंद करायची आसती. पाडव्यापुढं न्यायची न्हाई. तुज्या आयेला लई सांगितलं. म्हनली, माजी लेक आजून लांब हाय, तिनंच सांगितलंय.”

“मग?”

“आखाडात ओ आली.”

“कुनाची?”

“तुजीच की,” पुष्पावती म्हणाली, आणि भराभर निघून गेली.

आखाड म्हणजे जून-जुलै. रोहिणीनं मनाशी हिशेब केला, आपली ओ राहिली तीही तेव्हाच. भीती होतीच, पण त्याहून मोठा होता मत्सर. माझी आई आहे ती! आज हाक पडू द्यायची नाही. पडलीच तर ओ आपण द्यायची, सगळ्यांच्या आधी, असं तिनं पक्कं ठरवलं.

ती चुलीपाशी आईला खेटून बसली. आईनं तिचा हात हातात घेतला आणि चाचपत राहिली.

“आसं खरबरीत कशानं झालं गं हे? काल तर न्हवतं.”

“काल मी हितं न्हवते, आये.”

आईनं हात सोडला. जराशी लांब सरकली. “वासबी येगळाच येतोय,” ती स्वतःशीच पुटपुटली.

“आये, आज हाक मारू नगंस. मी हाय न्हवं घरात.”

आईनं शेंगांचं सूप पुढं ओढलं.

दिवस बुडाला. आईनं दिवा लावला, डोक्यावर पदर घेतला आणि उंबऱ्यात जाऊन उभी राहिली.

“रोहिनेऽऽ!”

रोहिणीनं तोंड उघडलं. वर्षाचा सगळा शीण जिभेवर येऊन बसला होता. ओठ हलले, आवाज फुटला नाही.

“ओ! आले आये.”

गोठ्याच्या अंगानं आला आवाज. तिचाच होता. फक्त ताजा, पोटभर झोपून उठलेल्या माणसाचा.

आईचं तोंड फुललं. दुपारपासून रोहिणी ज्याची वाट पाहत होती, ते हसू तिच्या चेहऱ्यावर आलं.

अंगणात कडब्यावर पावलं वाजली.

आई मागं वळली. चुलीपाशी बसलेल्या बाईकडं तिनं पाहिलं. नजरेत राग नव्हता, ओळखही नव्हती.

“बाई, तुमी जरा सरकून बसता का?” ती अदबीनं म्हणाली. “लेक आली माजी. दमली आसंल.”

रोहिणी सरकून बसली.