खरा सरफराज कोणता?

भद्रावतीत कूलर दुरुस्त करणारा सरफराज फोटो काढायला म्हणून चंद्रपुरात उमेराच्या अब्बांच्या स्टुडिओत शिरला, तेव्हा त्याच्या शर्टाला कूलरमधल्या ओल्या खसाचा, वाळ्याचा वास येत होता. उमेराला आवडला. म्हणजे... आधी वासच.

फोटो सिरोंच्याला जायचा होता, रिश्त्यासाठी. मुलीकडच्या बुजुर्गांना मोबाइलवरचं चालत नाही, हातात कागद लागतो.

फोटो उमेरानंच काढला, पण मेला रंगच जुळेना. मोबाइलमध्ये सरफराज गोरापान, कॉम्प्युटरवर तांबूस, आणि कागदावर थेट हिरवट.

"मंग खरा मी कोनता?" त्यानं विचारलं.

"स्क्रीन उजेडातून रंग बनवते, प्रिंटर शाईतून. हरेक मशीनची आपली खोड. तेच तं जुळवून राह्यली." तिनं त्याच्या हाती रंगीत चौकोनांची पट्टी दिली. "हे हनुवटीखाली धरा. याचे रंग मले माहीत हायेत. मशीन कुठी चुकते, ते समजते."

पुन्हा फोटो निघाला. मग प्रत्येक नवी प्रिंट घेऊन ती त्याला दारातल्या उजेडात उभं करू लागली. प्रिंटकडे एकदा, त्याच्याकडे दोनदा...

"इतकं काऊन पाहून राह्यल्या?"

"काम हाये."

काम होतंच. पण कानाच्या पाळीचा रंग इतका वेळ जुळवायची तशी काही गरज नव्हती.

शेवटची प्रिंट आली. गव्हाळ, उन्हात रापलेला, अगदी समोर उभा होता तसा. हा फोटो पाहून सिरोंच्याची कोणती मुलगी नाही म्हणेल? हिरवट प्रिंट टेबलावरच पडली होती. तीच पाकिटात सरकवली तर... कोणाला कळणार? हात तिकडे गेलाही. पण खोटा रंग तिच्या हातून कधी दुकानाबाहेर गेला नव्हता. तिनं मुकाट्यानं खरा फोटो पुढे केला. रडू येत होतं तिला.

"काय झालं?"

"मी... तुमाले हिरवाच देनार होती."

"काऊन?"

"त्यायनं नापसंत करावं म्हनून."

सरफराजनं फोटो हातात घेतला. उलटसुलट करून पाहिला. मग त्यानं तो अलगद तिच्यासमोर ठेवला.

"सिरोंच्याले आता कोनताच नाई जात," तो म्हणाला. "हा तुमच्या अब्बाले दाखवजा. जुम्म्याले अम्मीले घेऊन येतो."