हनुमानभाऊजींची पाळी

ज्याला हसायचं त्यानं आधीच हसून घ्यावं. मी तारखेसकट सांगतो.

१७ मार्च २०२४. रविवार. दुपारचे बारा. जागा, गंगापूर तालुक्यातल्या कायगावचा गोदावरीचा घाट.

रात्र नव्हती. अमावस्या नव्हती. डोकं तापवणारं ऊन होतं आणि शंभरेक माणसं हजर होती. त्या माणसांनी जे पाहिलं ते खरं आहे. पण ऐकलं फक्त एकीनं. ती सखूबाई, माझी सख्खी मावशी. ती रचून सांगणाऱ्यातली नाही. तेवढा रिकामा वेळच तिला कधी मिळाला नाही.

मावशीचे यजमान सोनाजी आणि त्यांचा चुलतभाऊ हनुमान. दोघांच्या बापांनी मेंढरं विकून शेजारी-शेजारी रान घेतलं आणि मधे एक सामाईक विहीर पाडली. सकाळी सहा ते बारा सोनाजींची पाळी. बारा ते सहा हनुमानची. दोघांच्या मोटरी वेगळ्या, पाणी एकच.

एकतीस वर्षांपूर्वी हनुमाननं दहा मिनिटं जास्त मोटर चालवली.

बस्स. एवढंच. त्यावरून डोकी फुटली, पोलीस झाले, कोर्ट झालं. आणि सोनाजींना जगायला एक काम मिळालं. रोज सकाळी रेडिओच्या बातम्यांवर घड्याळ लावायचं. बाराला पाच कमी असताना विहिरीवर जायचं. हनुमान समोरच्या काठावर आलेला असायचाच. मग दोघं एकमेकांच्या हाताकडं डोळे लावून उभे. लग्नकार्य असो, ताप असो, त्यांची ही भेट चुकली नाही.

सत्तरी उलटली तरी सोनाजींना काठी लागत नव्हती. साखर नाही, बीपी नाही. गावात चेष्टेनं म्हणायचे, सोनाजीला हनुमानचं टॉनिक आहे.

मावशीचं काय? तिची लेक योगिनी शहरात, सिडकोला राहते. आईबापासाठी तिनं एक खोली राखून ठेवलेली. मावशी दरवर्षी म्हणायची, चला, चार दिवस जाऊ.

"आन इकडं हनम्यानं पाणी ओढलं म्हंजी?"

विषय संपला. एकतीस वर्षं तो असाच संपत राहिला.

बायकांचं मात्र आतून बरं होतं. मावशीचं विरजण बिघडलं की हनुमानची बायको शीला पदराआडून वाटी पोचवायची. नवऱ्यांना पत्ता नसायचा.

त्या वर्षी महाशिवरात्रीला हनुमान गेला. झोपेतच.

मावशीनं माझ्यापाशी काही लपवलं नाही. "रडले रं मी. पर आतून हलकं वाटलं. म्हटलं, आता ह्यांची उरलीसुरली वर्षं तरी माझी."

पण सोनाजी तिसऱ्या दिवशी जेवायचे थांबले. घड्याळ लावेनात. भिंतीकडं तोंड करून बसू लागले. काय होतंय विचारलं तर म्हणायचे, "कुटं काय?"

दहाव्याला सोनाजी आणि मावशी सोडून सगळे कायगावला. पिंड ठेवला. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले.

एकही खाली येईना.

हनुमानच्या मुलानं, बिभीषणनं हात जोडले. "आबा, आईला सांभाळीन." कावळे बसून. "रान इकणार न्हाय." कावळे बसून. भावकीतल्या एकेकानं काय काय कबूल केलं. साडेअकरा वाजले. कावळे मान वाकडी करून नुसते बघत होते...

जीव कशात अडकलाय ते शीलाच्या ध्यानात आलं. तिनं एका पोराला मोटरसायकलवर पिटाळलं. "सोनाजीदादांला आना. मनातलं वैर सोडलं असं त्यांनी म्हणाय पायजे."

सोनाजी आले. मावशी मागं होती. सोनाजी पिंडासमोर वाकले आणि हळूच पुटपुटले. मावशी वीतभर अंतरावर होती. तिला स्पष्ट ऐकू आलं...

"हनम्या, तुला सोडणार न्हाय मी. बाराला ये."

कावळा झपकन खाली आला.

माणसं रडायला लागली. एकतीस वर्षांचं वैर मिटलं म्हणाली. शीलानं तर सोनाजींचे पाय धरले. मावशीनं मात्र त्यांना दंडाला धरून तिथून उठवलं.

त्या रात्री सोनाजींनी तीन भाकरी खाल्ल्या.

बिभीषण वाळूजला कंपनीत आहे. त्यानं बापाची मोटर उपसून नेली आणि सोनाजींना सांगून टाकलं, "तात्या, हीर तुमचीच समजा. मला शेती जमत न्हाय." म्हणजे सोनाजी जिंकले. आता दिवसभर पाणी त्यांचं. मावशीनं मनात म्हटलं, जे ऐकलं ते विसरावं.

दुसऱ्या दिवशी ती कांद्याला पाणी देत होती. बारा वाजत आले...

पाइपाचं पाणी बंद झालं.

मोटर चालू होती. विहिरीत पाणी होतं. पाइप कोरडा.

विहिरीतले पारवे एकदम बाहेर पडले. सगळेच्या सगळे. मग काही वेळ कसलाच आवाज नाही.

आणि मग... दुसरी मोटर सुरू झाली.

हनुमानची मोटर. सुरू होताना ती आधी दोनदा खोकायची, तशीच खोकली. मावशीनं पुढं होऊन पाहिलं. मोटरीची जागा रिकामी होती. तोडलेल्या वायरी लोंबत होत्या. आणि पलीकडं हनुमानच्या पडीक रानातला पाट ओला होत चालला होता.

सोनाजी काठावर उभे होते. हातात घड्याळ.

"दोन मिंटं आधी चालू केली हरामखोरानं!"

ते हसत होते. मावशी म्हणते, लग्नानंतर इतका टवटवीत चेहरा तिनं पाहिला नव्हता.

मग हे रोजचंच झालं. बन्सी वायरमननं सोनाजींची मोटर खोलून पाहिली. काही दोष नाही. तो बाराच्या आत निघून गेला, परत आला नाही.

मे महिन्यात योगिनीनं दोघांना जवळजवळ उचलूनच शहरात नेलं. मावशीला हवं होतं ते सगळं मिळालं. खोली, पंखा, लेकीच्या हातचा चहा. नवरा दिवसभर डोळ्यांसमोर.

नवरा भिंतीकडं तोंड करून.

रोज बाराला सोनाजी उठून बसायचे, रिकाम्या हाताकडं बघायचे, परत आडवे व्हायचे. अकराव्या दिवशी पाणीही घेईनात. तपासण्या झाल्या. सगळं चांगलं. डॉक्टर योगिनीला बाजूला घेऊन म्हणाले, "आजार नाहीये. यांना जगायचंच नाही."

मावशी रात्रभर त्यांच्या उशाशी बसली. तेराव्या दिवशी उठून म्हणाली, "गाडी बोलाव."

साडेअकराला वस्तीवर पोचले. सोनाजींना उभं राहवत नव्हतं. खाट विहिरीच्या कडेला टाकली.

बारा वाजले.

काहीच नाही. पारवे गुटर्गू करत बसलेले.

बारा पाच. बारा दहा. सोनाजींचा श्वास लांब लांब पडायला लागला. योगिनी रडायला लागली.

मावशी उठली. स्टार्टरपाशी गेली. आपल्या मोटरीचं बटण दाबलं. हनुमानच्या पाळीत. आणि विहिरीत वाकून ओरडली...

"भाऊजी! बारा कवाच वाजले. हे तुमचं पाणी वढायलेत. बघत काय बसलात?"

पाइपानं क्षणभर पाणी टाकलं. मग थांबला.

पारवे उडाले.

दोनदा खोकल्याचा आवाज आला. या वेळी मात्र तो मोटरीचा वाटला नाही. माणसाचा वाटला.

खाटेवर सोनाजींनी डोळे उघडले. "सखू, घड्याळ दे माझं."

ही गोष्ट इथं संपली असती तर मी कदाचित कुणाला सांगितलीही नसती.

सप्टेंबरात शीला आली. या खेपेला हातात वाटी नव्हती, दारातूनच बोलली. डोळ्यांखाली काळं पडलं होतं. "आक्का, बिभीषणचा बाप रोज सपनात येतोय. वलेच्या वला, नुसता कुडकुडतोय. म्हणतोय, मला जायचंय, दादा सोडंना. तुमी दादांला एकदा म्हणाय लावा. 'जा', येवढंच. लई उपकार व्हतील."

एवढाच शब्द. सोनाजी पलीकडंच ओट्यावर बसलेले. मावशीनं हाक मारायचा अवकाश होता.

मावशीनं हाक मारली नाही.

"का वो आक्का? आपलं तर कदी भांडण नव्हतं."

"तुझं माणूस गेलंय, शीला. माझं हाय."

शीलानं डोक्यावरचा पदर ओढून घेतला. मग निघून गेली. त्यानंतर दोघींचं बोलणं नाही.

मी दिवाळीत जाऊन आलो. सोनाजी ठणठणीत आहेत. मावशी वाळून काटकुळी झालीय. हनुमानच्या रानात रोज एवढं पाणी जातं, पण गवताची एक काडी उगवलेली नाही. मी वाकून माती हातात घेतली. चिखल होता. थंडगार.

मावशी मला सोडायला रस्त्यापर्यंत आली. म्हणाली, "रोज दिवा लावताना एकच मागते रं. हनुमानभाऊजीला मुक्ती देऊ नकोस. पाप हाय ना हे?"

पावणेबारा झाले होते. मी गाडीला किक मारली.