आजोबांचा ताप आणि साबणाची वडी

"मानवजातीने संसर्गजन्य रोगांवर (जंतूंमुळे पसरणाऱ्या आजारांवर) अंतिम विजय मिळवला आहे!" डॉ. श्रीरंग बोडस यांनी जाहीर केलं. पुढचं वाक्य दात वाजत असल्यामुळे कोणाला कळलं नाही. अंगावर तीन गोधड्या होत्या आणि ते चौथी मागत होते.

केपटाऊनच्या विज्ञान परिषदेत याच वाक्याला टाळ्या पडल्या होत्या. साताऱ्याला परतून दोन आठवडे होतात न होतात तोच त्यांना हा ताप भरला होता.

पलंगापाशी धन्वंतरी-सात उभा होता. आजार ओळखणारा हा यंत्रमानव आजोबांनीच बनवलेला. आधीच्या सहांचं काय झालं, हे घरात विचारायचं नसतं.

"फ्लू नाही, डेंगी नाही, टायफॉइड नाही," तो म्हणाला.

"मग सगळ्या तपासण्या एकदम कर ना!" दहा वर्षांची नात शाल्मली वैतागली.

"शाल्मलीताई, ताप शेकडो कारणांनी येतो. एक तपासणी म्हणजे एका जंतूचं दार ठोठावणं. तो घरी नसेल तर 'नाही' एवढंच कळतं, शेजारी कोण राहतो ते नाही. सगळी दारं ठोठावायला रक्तही पुरणार नाही आणि वेळही. म्हणून आधी विचारायचं, माणूस कुठे जाऊन आला. मग त्या गल्लीतलीच दारं ठोठावायची. आबासाहेब, पुन्हा विचारतो, कुठे कुठे गेला होतात?"

"केपटाऊन! किती वेळा सांगू?"

"तिथे मलेरिया नसतो. आपल्या जिल्ह्यातूनही तो केव्हाच गेला. आणखी कुठे?"

"कुठेही नाही. खाणंसुद्धा घरचं, हिच्या आजीने दिलेल्या दशम्या."

"मी खाण्याचं विचारलं नाही."

"चांगल्या झाल्या होत्या."

धन्वंतरीने सुस्कारा टाकला. सुस्काऱ्याची सोय आजोबांनी त्याच्यात केली नव्हती; ती त्याने या घरात राहून स्वतःच कमावली होती.

तेवढ्यात आजोबा शाल्मलीकडे पाहून म्हणाले, "कुसुम, पाणी दे गं."

कुसुम म्हणजे त्यांची बहीण. ती कॅनडात असते.

"ताप मेंदूवर चढतोय," धन्वंतरी हळूच म्हणाला. "रुग्णवाहिका निघाली आहे. पण औषध कशावर द्यायचं, हेच कळलं नाही तर..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. तो नेहमी वाक्य पुरं करतो.

कपाळावरची पट्टी ओली करायला शाल्मली न्हाणीघरात धावली. फळीवर आजोबांचा खजिना होता. जातील तिथल्या हॉटेलातून ते साबणाच्या चिमुकल्या वड्या घेऊन यायचे, आणि आजी त्या पाहुण्यांसाठी जपून ठेवायची. सगळ्यात वरच्या वडीच्या वेष्टनावर छापलं होतं, दार-ए-सलाम.

"आजोबा! तुम्ही दार-ए-सलामला गेला होतात?"

"छे! गेलो कुठे? येताना विमान बिघडलं, म्हणून त्यांनी रात्रभर थांबवलं. संध्याकाळी हॉटेलच्या तळ्याकाठी बसलो जरा. परिषद काय तिथे होती?"

"आबासाहेब, तिथे मलेरिया असतो," धन्वंतरी म्हणाला, "आणि डासांना परिषदेचं आमंत्रण लागत नाही."

बोलता बोलता त्याने आजोबांच्या बोटातून थेंबभर रक्त घेतलं, काचपट्टीवर पसरलं, रंगवलं आणि आपल्या छातीवरचा पडदा शाल्मलीकडे वळवला. गुलाबी चकत्यांच्या आत इवल्याशा जांभळ्या अंगठ्या दिसत होत्या.

"चकत्या म्हणजे तांबड्या पेशी आणि अंगठ्या म्हणजे मलेरियाचे परजीवी (दुसऱ्याच्या जिवावर जगणारे जीव). त्यातही हा सगळ्यात घाईचा प्रकार."

"पण डास चावला तेव्हाच ताप का नाही आला?"

"आधी ते यकृतात लपून वाढतात. तोवर बाहेर काहीच दिसत नाही. त्याला अधिशयनकाळ म्हणतात (जंतू शिरल्यापासून आजार दिसेपर्यंतचा काळ). ताप येईपर्यंत माणूस घरी पोचतो, बॅग माळ्यावर जाते आणि प्रवास विसरला जातो."

रुग्णवाहिका दारात आली तेव्हा योग्य ते औषध तिच्यात तयार होतं. धन्वंतरीने निरोप आधीच धाडला होता.

काही दिवसांनी आजोबा रुग्णालयातल्या खाटेवर उठून बसले. शाल्मलीला त्यांनी शाल्मलीच म्हटलं, तेव्हा कुठे तिने नीट श्वास घेतला.

"धन्वंतरी, तुझा प्रश्नच चुकला," ती म्हणाली. "कुठे गेलात हे नाही विचारायचं. कुठे कुठे थांबलात ते विचारायचं. अगदी घटकाभर थांबला असाल तरी."

"आजच सगळ्या दवाखान्यांतल्या यंत्रमानवांना, म्हणजे माझ्या भावंडांना, कळवतो," धन्वंतरी म्हणाला. "यापुढे असा ताप आला, तर आपण आधी योग्य दारच ठोठावू."

आजोबांचे डोळे पाणावले. त्यांनी नातीला खुणेने जवळ बोलावलं. मानवजातीविषयी काहीतरी ऐकावं लागणार, म्हणून ती तयारीने वाकली.

"शाल्मली," ते कुजबुजले, "इथल्या न्हाणीघरातही एक छोटी वडी आहे. निघताना तेवढी पिशवीत टाक."