गुलाबी स्कूटरच्या पापण्या

"आली बघा. आता पापण्या फडफडवेल, सगळ्यांना सांभाळून राहायला सांगेल, की झालं हिचं काम."

हे मी टीव्हीला म्हणाले होते. दाताच्या डॉक्टरांकडे बाकावर बसून, मांडीवर भाचीचं दप्तर घेऊन. भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी ठरत नाही. तिचा पुढचा दात आठवडाभर लोंबकळत होता, आमचा नंबर काही केल्या येत नव्हता आणि भिंतीवरच्या टीव्हीवर 'टायरटोळी' ही कार्टून मालिका चालू होती. मला वाटलं, ऐकायला कोणी नाही. पण शेजारी बसलेला माणूस गर्रकन माझ्याकडे वळला.

त्याचा एक गाल टम्म सुजला होता. गालाला रुमाल लावून तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू घरभर शोधलेली किल्ली अचानक खिशात सापडली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही... तुम्ही बघता ही मालिका?"

"बघावी लागते."

"त्या स्कूटरला आवाज देणारी बाई आहे ना..." तो रुमालाआडून म्हणाला, "तिला त्या वाक्याचा कंटाळा आलाय. ऐकू येतं."

माझं डोकंच फिरलं. कारण ती बाई मी होते.

"आणि जो तिचं चित्र काढतो, त्याचं काय?" मी म्हणाले. "हेडलाइटला पापण्या? अंधारात रस्ता कसा दिसणार तिला? डंपरला नाहीत, रोलरला नाहीत, हिलाच का? वर गुलाबी रंग. वर ती रिबीन. ज्याने कोणी हे केलंय ना, त्याला एकदा माझ्यासमोर उभा करा."

त्याने रुमाल गालावर नीट दाबला. मग म्हणाला, "बसलेला चालेल का? उभं राहिलं की दाढ ठणकते."

मला आधी कळलंच नाही. चित्र काढणारा हाच, हे कळलं तेव्हा तोंड लपवायला दप्तराशिवाय काही नव्हतं. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नाही.

"कुठली दाढ?"

"अक्कलदाढ. आत्ता कुठे येतेय."

"चला," मी म्हणाले, "उशिरा का होईना."

तो हसला आणि हसताना कळवळला. मला त्याची जरासुद्धा दया आली नाही. थोडी आली.

आता जरा माझ्या कामाविषयी. टायरटोळीत सगळे दादा. डंपरदादा, रोलरदादा, टँकरदादा. क्रेनलाही दादा करून ठेवलं होतं, बिचारीला कोणी विचारलंसुद्धा नाही. आणि मालिकेचा नायक छोटा ट्रॅक्टर, त्याचा आवाज माझा. आमच्या धंद्यात पोरांचे आवाज बायकाच काढतात. म्हणजे तळघरातल्या त्या कोंदट खोलीत मी दिवसभर दऱ्या ओलांडायचे, पूल बांधायचे, वादळात घुसायचे... आणि शेवटी पाच मिनिटं मुलगी व्हायचे. मुलगी झाले की एकच वाक्य. "सांभाळून हं."

चित्र काढणारे वरच्या मजल्यावर बसायचे, आवाजवाले तळघरात. एका इमारतीत काम करूनही आमची कधी गाठ पडली नव्हती. मी आवाजवाली आहे, हे दवाखान्यात त्याला सांगितलंच नाही. आपण टाकून बोललो ते बोललो, वर ओळख कशाला द्या.

त्याच संध्याकाळी ताईच्या घरी पोरांचा टायरटोळीचा खेळ चालू होता. शेजारची मुलं सोफ्याच्या डोंगरावर चढत होती, घसरत होती, ढुशा देत होती. आमची भिंगरी चपलांच्या कपाटाजवळ उभी. दात पडलेला, हात मागे बांधलेले. मधूनच म्हणायची, "सांभाळून हं."

"तू का नाही चढत?" मी विचारलं.

"मी स्कूटर आहे ना. त्यांनी केलंय मला." मग तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. "मावशी, स्कूटर कधीच कुठे का जात नाही? तिला चाकं तर आहेत."

 ताईने जेवायचा आग्रह केला, पण मी तशीच निघाले. ज्या पोरीला एका जागी बसवता येत नाही, तिला माझ्या आवाजाने कपाटापाशी उभं करून ठेवलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तडक वर गेले, मोठ्या साहेबांकडे. म्हटलं, स्कूटरला जरा काम द्या. साहेबांनी चष्मा पुसला.

"बरं झालं आलात. स्कूटर बंद करतोय. एक शेवटचा भाग, मग नाही. आम्ही पाहणी केली, पोरांना ती आवडत नाही."

"ती काही करतच नाही, तर आवडेल कशी?"

"म्हणून तर काढतोय."

"पण काही करू दिलंत तर आवडेल."

"आवडत नसताना करू कशी देणार?"

मी दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा, मुली मुलांच्या गोष्टी बघतात. मुलं मुलींच्या बघत नाहीत. धंद्याचा नियम आहे. आणि तुम्ही काळजी करू नका. तिच्या जागी बुलडोझरदादा येतोय, त्याचा आवाज तुम्हीच द्या. तुमचा आवाज छान जाड लागतो."

म्हणजे माझं काम जाणार नव्हतं. मुलगी तेवढी जाणार होती. अख्ख्या टोळीत एक होती, तीही. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते काय, हे मला त्या खोलीत नीट कळलं.

बाहेर कॉफीच्या यंत्राशी अक्कलदाढ उभा होता. सूज उतरली होती आणि खाली चांगला चेहरा निघाला होता. हे मला अजिबात बघायचं नव्हतं, तरी दिसलं.

"यंत्र आज फक्त गरम पाणी देतंय," तो म्हणाला. "घ्या. रागावर बरं असतं."

"मी रागावलेली नाही."

"कप चेपलाय तुम्ही."

मी कप खाली ठेवला. त्याला सगळं सांगितलं, भिंगरीचं, साहेबांचं, कपाटाचं. आणि सांगता सांगता मी आवाजवाली हेही सांगून टाकलं. त्याला काहीच आश्चर्य वाटलं नाही, तेव्हा मला ते खटकायला हवं होतं. पण तो इतकं मन लावून ऐकत होता... पेन्सिलीने काळी झालेली त्याची बोटं कपाभोवती स्थिर होती आणि मध्ये एकदाही त्याने 'हो, पण' म्हटलं नाही. असा माणूस मी फार दिवसांनी बघत होते.

"तुमच्या हातात पेन्सिल आहे," मी म्हणाले. "तुम्ही करा ना काहीतरी."

"मला जे ऐकू येतं तेच मी काढतो." त्याने मान खाली घातली. "आपल्याकडे आधी आवाज, मग चित्र. आवाजात नसेल ते कसं काढू?"

"मग बसा पापण्या मोजत," मी म्हणाले आणि निघाले. जिना उतरताना डोळे भरून आले, तेही स्कूटरसाठी की त्या बोटांसाठी, देव जाणे. इतकी चीड मला साहेबांचीही आली नव्हती.

शेवटच्या भागाचं रेकॉर्डिंग लागलं. डंपरदादा चिखलात रुतलाय, बाकीचे दादा दोर लावून ओढताहेत, आणि स्कूटर कडेला उभी. काचेपलीकडे साहेब स्वतः येऊन बसले होते. बटण दाबून माझ्या कानात सांगत होते, "अजून गोड."

"सांभाळून हं."

"अजून गोड."

"सांभाळून हं..."

"थोडी घाबरलेली. पण गोड."

माझा संयम संपला. माइकसमोरच संपला. "अहो, कशाला सांभाळून? बाजूला व्हा सगळे! एवढे दादा मिळून एक दोर ओढताय, तो मागे झाडाला अडकलाय, दिसत नाही कोणाला? त्या फटीतून फक्त स्कूटर जाईल. सरका. मीच सोडवते."

काचेपलीकडे साहेबांचं बोट बटणावरून उठलं. रेकॉर्डिस्टकाकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "झालं बोलून? आता गोड दे."

मी गोड दिलं. घरी जाऊन उशीत तोंड खुपसून रडले.

नवा भाग तयार झाला की आधी तो कामगारांच्या मुलांना दाखवायचा, अशी आमच्याकडे पद्धत होती. मी भिंगरीला घेऊन गेले. निरोप तरी नीट घेऊ दे, म्हटलं. छोट्याशा खोलीत पोरं दाटीवाटीने बसली होती, मागे साहेब, आणि दाराशी अक्कलदाढ, नखं कुरतडत.

चिखल आला. डंपर रुतला. दादांनी ओढायला सुरुवात केली. पडद्याच्या कडेला स्कूटर आली आणि मी खुर्चीत ताठ झाले. तिला पापण्या नव्हत्या. नुसते दोन स्वच्छ, गोल, वैतागलेले दिवे.

"अहो, कशाला सांभाळून?" ती म्हणाली, माझ्या जाड, खऱ्या, चिडक्या आवाजात. "बाजूला व्हा सगळे!"

आणि ती निघाली. रिबीन फांदीला अडकून तुटली, तिने वळूनही पाहिलं नाही. त्या अरुंद फटीत शिरली, दोर सोडवला, आणि डंपरदादा असा सुटला की सगळे दादा एकमेकांवर आपटले. पोरं खिदळायला लागली. भिंगरी खुर्चीवर उभी राहिली होती. पुढच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "परत दाखवा ना, ती चिडते तिथपासून."

दिवे लागले. साहेब उठले. "हे पडद्यावर कसं आलं?"

"आवाजात होतं," अक्कलदाढ म्हणाला. "आधी आवाज, मग चित्र."

"काका?"

"कापायचं राहिलं असेल," रेकॉर्डिस्टकाका छताकडे बघत म्हणाले.

साहेबांनी पोरांकडे पाहिलं. ती अजून परत लावायचा हट्ट करत होती, मुलगेसुद्धा. त्यांचा धंद्याचा नियम त्यांच्याच डोळ्यांदेखत खुर्च्यांवर नाचत होता. "ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "राहू दे तिला. काम पण द्या. पण पापण्या परत लावा. नाहीतर ती मुलगी आहे हे कळणार कसं?"

"मला कळलं," भिंगरी खुर्चीवरून म्हणाली.

साहेबांना नाही कळलं. पापण्या हव्यात म्हणजे हव्यात. मी कपाळाला हात लावला. अक्कलदाढ मात्र शांतपणे वर गेला आणि थोड्या वेळाने एक कागद घेऊन आला. त्यावर सगळी टोळी होती आणि डंपरदादापासून रोलरदादापर्यंत सगळ्यांना लांबसडक, कुरळ्या पापण्या होत्या. "सारखा न्याय," तो म्हणाला. साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला, पापण्या लावलेला टँकर पाहून त्यांनाच हसू फुटलं, आणि म्हणाले, "पुसून टाका सगळ्यांच्या. तिच्याही नकोत."

भिंगरीला ताईने नेलं. बाहेर भुरभुर पाऊस होता आणि मागच्या जिन्याच्या पायऱ्या ओल्या झाल्या होत्या. मी त्याला तिथे गाठलं.

"तुम्ही मला दवाखान्यातच ओळखलं होतं."

"पहिल्याच वाक्याला." त्याने रेलिंगवरचं पाणी बोटाने पुसलं. "काका कधीच काही कापत नाहीत. दोन वाक्यांमधलं सगळं माझ्याकडे वर येतं. तुमच्या शिंका... साहेबांची नक्कल... लेखकाला घातलेल्या शिव्या. तुम्ही फोनवर बोलायला लागलात की मी रेकॉर्डिंग पुढे सरकवायचो, शपथ. पण कुरकुर ऐकायचो. वर्षभर."

"वर्षभर?" मला कुठे तोंड लपवू असं झालं. "आणि एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"ती गोड बाई मला कधीच आवडली नाही," तो म्हणाला. "मधली आवडली. फार आवडली. पण मला ऐकलेलं काढता येतं... बोलायचं म्हटलं की—"

"दाढ ठणकते."

"हो."

मला हसू आलं आणि रागही आला, आणि दोन्हीच्या खाली छातीत काहीतरी धडधडत होतं, ते मात्र साफ प्रेम होतं. नाव ठेवायला जागा नव्हती.

"यंत्राचं गरम पाणी नको आता," मी म्हणाले. "खरी कॉफी पाज. कुठेतरी बाहेर."

'पाज' ऐकून त्याचा चेहरा उजळला. तो घाईने उतरायला लागला, पण माझ्याकडे बघत, उलटा, त्या ओल्या पायऱ्यांवरून. त्याचा पाय सटकला, त्याने कसंबसं रेलिंग धरलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं—

"सांभाळून हं..."

कोणी बटण दाबलं नव्हतं. कोणी गोड मागितलं नव्हतं. तो जागच्या जागी थांबला.

"हे..." तो म्हणाला, "हे परत एकदा म्हणशील?"

"नाही," मी म्हणाले आणि त्याचा हात धरला. "आता समोर बघून चाल."