तुतीच्या कागदावरचा चेहरा

चिहारूने रेशमाचे किडे पाळायचं ते जुनं घर घेतलं, तेव्हा डोंगरातल्या त्या गावाने तिला वेड्यात काढलं. खाली चित्रं काढायची, वर माळ्यावर ती मांडायची, एवढा साधा बेत. मुख्य चित्र तिच्या नवऱ्याचं, योसुकेचं. त्सुनामीच्या लाटेने त्याला नेलं, घर नेलं, फोटोही नेले. त्याचा चेहरा आता त्या एका कागदावरच उरला होता.

माळ्यावरच्या, किडे ठेवायच्या बांबूच्या परड्या तिने अंगणात जाळल्या. धूर बघून शेजारची किनू आजी धापा टाकत आली.

"आधी पानं वाहिलीस का?"

"कसली पानं, आजी? चार वाळके किडे होते नुसते."

"किडे काय म्हणतेस गं! आम्ही महाराज म्हणायचो त्यांना. तुतीची पानं वाहून, निरोप घेऊन मगच परडी हलवायची. आणि हे तर... रेशमाला गिऱ्हाईक राहिलं नाही, तेव्हा मालक दार लावून निघून गेला. उपाशी मेले सगळे."

जुनी माणसं बोलायचीच, म्हणून चिहारूने ते कानाआड केलं.

दुसऱ्या दिवशी भरदुपारी माळ्यावर पाऊस वाजू लागला. बाहेर लख्ख ऊन होतं. ती जिन्यातच थबकली. पाऊस नव्हे... हजारो बारीक तोंडं काहीतरी कुरतडत होती. चुरडलेल्या पानांचा हिरवा वास खाली उतरत होता.

ती वर गेली, तर कुणीच नव्हतं. मांडलेल्या चित्रांच्या कडा मात्र खाल्लेल्या होत्या. तिचा सगळा कागद तुतीच्याच जातीच्या झाडाच्या सालीचा होता.

तिने टोपलीभर पानं आणून वाहिली, जमिनीला कपाळ टेकून माफी मागितली. आवाज थांबला. योसुकेचं चित्र छातीशी धरून ती धावतच आजीकडे गेली.

"थांबले, आजी! पानांना तोंडही लावलं नाही."

आजीचा चेहरा उतरला. "मग पोट भरलं त्यांचं. खाणं थांबलं की ते... धागा काढायला बसतात, पोरी."

चिहारूने घाबरून चित्र उजेडात धरलं. योसुके शाबूत होता. तिला रडूच फुटलं. मग त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात एक पांढरा तंतू दिसला. तिने तो हलकेच चिमटीत धरून ओढला. तंतू ओला होता, कोमट होता आणि येतच राहिला. योसुकेची हनुवटी पुसट झाली, मग गाल.

तिने हात मागे घेतला. धागा येतच होता.