एक कुलूप राहिलंय

हसायचं असेल त्यांनी खुशाल हसावं. पण ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलीय, आणि शेवटी तर मी स्वतः तिथे हजर होते.

अंधारी रात्र वगैरे काही नव्हतं. सुट्टीचा दिवस, घरात लख्ख ऊन, गॅसवर दूध. तरी अजून आठवलं की मी माझ्या बाळाला जवळ ओढते.

पण आधी ताईचं काम काय ते सांगते, नाहीतर कुलपाचं काही कळायचं नाही.

ताई रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर. तिथे रसायनं घुसळायच्या बंद टाक्या असतात, खोलीएवढ्या. आत लोखंडी पाती. टाकी साफ करायची तर माणसाला झाकणातून आत उतरावं लागतं. आणि तो आत असताना बाहेरून कुणी चुकून विजेचा खटका वर केला तर...

म्हणून ताईने कुलपांची पद्धत आणली. आत जाणाऱ्या प्रत्येकाने खटका खाली करायचा, त्याच्या भोकात स्वतःचं लाल कुलूप अडकवायचं आणि किल्ली खिशात घालून उतरायचं. बाहेर आलं की ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. एक जरी कुलूप लटकलेलं असलं तरी खटका वर जात नाही. प्रत्येक कुलपावर त्या त्या माणसाचा फोटो आणि खाली तीन शब्द.

मी आत आहे.

सुरुवातीला सगळ्यांनी भरपूर टर उडवली. ताईचं नाव पडलं कुलूपताई.

त्यात पुढे होता एक फिटर. त्याला सगळे 'आलोच' म्हणायचे. कारण कधीही हाक मारा, कुठल्या तरी पाइपामागून एकच उत्तर यायचं, "आलोच!" आणि मग बराच वेळ त्याचा पत्ता नसायचा.

"कुलूपताई, एक माझ्या तोंडाला पण द्या. बायको दुवा देईल तुम्हाला."

"तुझ्या तोंडाला एकाने काय होणार रे? जुडगाच लागेल."

पण पद्धत मनापासून पाळणारा पहिला माणूसही तोच. नव्या पोरांना दरडावायचा, "कुलूप लटकलं ना, की आपण आईच्या पोटात. काही होत नाही. ताईंनी सांगितलंय."

ताईंनी सांगितलंय.

हे दोन शब्द ताई अजून झोपेत बरळते.

झालं असं, की लोक कुलूप विसरून घरी जायचे. मग काम अडायचं आणि त्या विभागाचा साहेब वैतागायचा. अशा वेळी कुलूप कापायचा अधिकार फक्त ताईला. त्याचाही नियम तिनेच घातलेला. टाकीपाशी स्वतः जायचं. आत बॅटरी मारायची. हाक मारायची. उत्तर येत नाही याची खात्री करायची. मगच कापायचं.

प्रत्येक वेळी ती गेली. पाऊस असो, कंटाळा असो, गेली.

एकदा सोडून.

त्या संध्याकाळी शाळेतून फोन आला. बबडीला, म्हणजे ताईच्या चार वर्षांच्या लेकीला, सणकून ताप भरला होता. ताई पर्स उचलून धावतच निघाली. फाटकाशी पोचली तोच साहेबाचा फोन.

"मॅडम, टाकी सुरू करायचीय. एक कुलूप राहिलंय, आलोचचं."

"तो कुठाय?"

"गेला घरी. स्टँडला सायकल नाहीये त्याची. विसरला असणार, दुसरं काय?"

"आत बघितलंत? हाक मारलीत?"

पलीकडे शांतता...

अगदी एका श्वासाची.

"हो, हो. बघितलं ना."

ती शांतता ताईला ऐकू आली होती. कुणीही बघितलेलं नाही हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. मागे वळायचं होतं, एवढंच. पण डोळ्यांसमोर लालबुंद झालेलं पोर होतं.

"कापा," ताई म्हणाली.

आलोच आत होता. सगळे बाहेर आल्यावर राहिलेला पाना आणायला तो परत उतरला होता. झाकणापाशी उभं राहायचं काम ज्याचं, त्याची पाळी संपली होती. सायकल शेजाऱ्याने मागून नेली होती.

पुढचं मी लिहीत नाही.

चौकशीत साहेबाने शांतपणे सांगितलं, "त्याने कुलूप लावलंच नव्हतं." कापलेलं कुलूप कुठेच सापडलं नाही. सगळ्यांनी ताईकडे बघितलं.

ताई गप्प बसली.

बाहेर आल्यावर साहेब हळूच म्हणाला, "मी बोललो तर दोघंही जाऊ, मॅडम." घरी भाऊजी म्हणाले, "बबडीकडे बघ आणि विसरून जा." आणि आलोचच्या नावापुढे कायमचा शब्द लागला... निष्काळजी.

काही दिवसांनी त्याची बायको त्याचं सामान न्यायला आली. डबा, चपला, एक स्वेटर. जाता जाता ताईपाशी थांबली.

"ताई, ते घरी पंखा पुसायचे ना, तर बटणापाशी मला उभं करायचे. म्हणायचे, तू माझं कुलूप. आणि ते विसरतील?"

ताईला तिच्याकडे बघवेना.

"आणि ही त्यांच्या खिशात सापडली." तिने मूठ उघडली. छोटीशी किल्ली. "कुलूप लावलं नव्हतं म्हणतात, मग किल्ली खिशात कशाला असेल हो?"

ताई म्हणाली, "मला मीटिंग आहे."

मीटिंग नव्हती. ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

त्याच आठवड्यात सुरू झालं.

आधी नुसता आवाज.

सकाळी चटणी वाटायला ताईने मिक्सरच्या बटणाकडे हात नेला, आणि पाठीमागे...

खट्ट.

कुलूप दाबून बंद केल्यावर येतो तसा. वळून बघितलं तर कुणी नाही.

मग गीझर लावताना. खट्ट. इस्त्री लावताना. खट्ट. भाऊजींना काही ऐकू यायचं नाही. "तू रजा घे," एवढंच म्हणायचे.

मग कारखान्यात. जेवणाच्या सुट्टीत ती त्या टाकीजवळून चालली होती. टाकी बंद, रिकामी, झाकण उघडं. आसपास चिटपाखरू नाही. इतकी शांतता, की कारखान्याची कायमची घरघरसुद्धा थांबल्यासारखी...

आणि आतून लोखंडावर कुणीतरी बोटाने वाजवलं.

टक... टक...

नियम तिचाच होता. झाकणापाशी जायचं, हाक मारायची. तेवढंच करायचं होतं.

तिला ते जमलं नाही. ती पळाली.

दुसऱ्यांदासुद्धा तिने हाक मारली नाही, हे मला सांगताना ती ओक्साबोक्शी रडली. तेव्हाच तिने मला सगळं सांगितलं. मी तिला जवळ घेतलं. पण खरं सांगू? मी माझं बाळ घेऊन तिच्याकडेच राहायला आले होते, पण त्या रात्री त्याला तिच्या खोलीत झोपवलं नाही.

दुसरा दिवस सुट्टीचा. तोच हा दिवस.

बबडीला लपाछपी खेळायची होती. माझ्यावर राज्य. बाळ कडेवर, मी भिंतीकडे तोंड करून डोळे मिटून आकडे म्हणत होते. ताई मागच्या गॅलरीत कपडे धुवायला टाकत होती. तिच्या मशीनचं दार समोरून उघडायचं, आणि त्याच्यासाठी भिंतीवर वेगळा मोठा खटका होता, आधीच्या भाडेकरूने बसवलेला. ताईने चादरी आत कोंबल्या, पांघरुणं आणायला खोलीत गेली, परत आली, तीही वरून कोंबली आणि गुडघ्याने दार लावलं.

खटक्याकडे हात नेला.

खट्ट.

या वेळी तो आवाज मीसुद्धा ऐकला. डोळे मिटलेले असताना, स्वच्छ. इतका जवळून, की माझं बाळ दचकलं.

मग ताईची किंकाळी.

मी धावले. ती खटक्याकडे बोट दाखवत होती. मला तिथे नुसता खटका दिसला. ताईला मात्र लाल कुलूप दिसत होतं. अखंड. न कापलेलं. त्याखाली तेच तीन शब्द.

मी आत आहे.

"फोटो नाहीये," ताई पुटपुटली. "फोटोची जागा कोरी आहे."

आणि मग तिने ते केलं, जे त्या संध्याकाळी करायचं राहिलं होतं. मशीनचं दार उघडलं, खाली वाकली आणि हाक मारली.

"आत कोणी आहे का?"

काही क्षण काहीच नाही...

मग चादरींच्या ढिगातून हसू दाबल्याचा आवाज.

"मावशीला सांगू नकोस हं," बबडी म्हणाली.

ताईने तिला ओढून बाहेर काढलं.  मी तिथेच फरशीवर बसले. बबडी आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत होती आणि तिला कळेना, आपण पकडले गेलो की नाही. ताईने वर बघितलं तेव्हा खटक्यावर काही नव्हतं.

"त्याच्यासाठी मी दहा पावलं गेले नाही गं," ताई म्हणाली. "आणि तो..."



दुसऱ्या दिवशी ती एकटी कारखान्यात गेली आणि सगळं सांगितलं. फोन, ती शांतता, 'कापा' हा शब्द. मग आलोचच्या घरी गेली. बायकोने सगळं ऐकून घेतलं. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त म्हणाली, "म्हणजे लावलं होतं ना त्यांनी?" ताईने होकारार्थी मान हलवली. बायकोने दार लावून घेतलं.

नोकरी गेली. साहेबाचीही गेली. आलोचच्या नावापुढचा तो शब्द पुसला गेला.

मला वाटलं, आता तरी हे थांबेल.

परवा मी तिच्याकडे गेले होते. ताईने मशीनमध्ये कपडे टाकले, वाकली, नेहमीसारखी हाक मारली. आता ती प्रत्येक वेळी मारते, भाऊजी चेष्टा करतात तरी. बबडी समोर चित्रं काढत होती. माझं बाळ कडेवर. घरात दुसरं कुणी नव्हतं.

हाक मारून ताई थांबली. खटक्याला हात लावेना. नुसती उभी.

"अगं, लाव ना," मी म्हटलं. "कशाची वाट बघतेयस?"

तिने तोंडावर बोट ठेवलं.

मला काही ऐकू आलं नाही, शपथेवर सांगते. पण माझ्या कडेवरच्या बाळाने मशीनच्या उघड्या दाराकडे बघून मान वेळावली, आणि कुणीतरी खेळवल्यासारखं खुदकन हसलं.

"आलोच म्हणालाय," ताई अगदी हळू म्हणाली.

संध्याकाळी मी निघाले तेव्हाही कपडे तसेच आत होते. ताई समोर स्टूल टाकून बसली होती.

"अजून बाहेर नाही आला गं."