तिसरं चाक थांबेपर्यंत

हिरव्या पाकिटातला मक्याचा खाऊ. पिवळं पाकीट चालत नाही.

ढोल. पावणेदोन सेकंद. मग काहीच नाही.

आईला मी सांगितलंय, मी लहान मुलांच्या खेळांना संगीत देते.

एक्केचाळीस मिनिटं. तीन. एकोणीस. पुन्हा तीन.

इथे तैवानमध्ये, ताइचुंगला, जूनच्या दुपारी स्कूटरच्या सीटवर पुठ्ठा टाकून जावं लागतं, नाहीतर बसता येत नाही.

"माणूस हरला म्हणून उठत नाही गं, कंटाळला की उठतो." हे लिंगताईंचं. त्या आमच्या स्टुडिओच्या प्रमुख.

लोकांची भीती पोटात असते म्हणे. माझी कानांत असते.

•

मू-फान मला पहिल्यांदा दिसला तो चोरी करताना.

सर्व्हरच्या खोलीत प्रत्येक यंत्रावर खाऊचं एक हिरवं पाकीट ठेवलेलं असतं. त्यामुळे यंत्र शहाण्यासारखं वागतं, अशी इथली समजूत. मुदत संपली की पाकीट बदलायचं. त्या महिन्यात ते काम माझ्याकडे होतं. सहा नवी पाकिटं छातीशी धरून मी दार ढकललं, तर हा फरशीवर मांडी घालून बसलेला... आणि खातोय!

"अरे, ते मशीनचं आहे!"

"मशीनची तक्रार आहे का काही?"

"आज खेळ बंद पडला म्हणजे?"

"मुदत काल संपली. आजपासून मशीनचा त्यावर हक्क नाही." त्याने पाकीट माझ्यापुढे धरलं. "घे. गुन्ह्यात कोणीतरी सोबत असलेलं बरं."

मी एक तुकडा उचलला. मऊ पडला होता. तरी दुसराही घेतला.

"तू सू-छिन ना? तिसऱ्या चाकाचा ढोल तुझा."

"आणि तुझं काय?"

"ते चाक किती वेळा *जवळजवळ* जुळायचं, ते मी ठरवतो," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एकच गाल हलतो.

•

आमचं काम असं. आमचे खेळ इथे कोणी खेळत नाही. ते दूरदेशीच्या जुगाराच्या साइटवर, लोकांच्या फोनमध्ये चालतात. तीन चाकं फिरतात. दोन सोनेरी मासे जुळतात. तिसरं चाक हळू होतं आणि माझा ढोल चढत जातो... मासा येतो, येतो... आणि एक घर पुढे सरकतो. त्या पावणेदोन सेकंदांत खेळणारा श्वास घेत नाही. चाचणीच्या चित्रफिती मी पाहिल्यात. त्यात माणसांच्या पापण्यासुद्धा हलत नाहीत.

दहा लावून चार परत मिळाले, तरी नाणी खणखणतात. तेही माझंच. कानाला वजाबाकी येत नाही.

आणि बक्षीस कधी येणार, याला नेम ठेवायचा नसतो. नेम असला तर माणूस निवांत होतो. कधी लगेच, कधी खूप उशिरा, मग पुन्हा लगेच, अशी अंतरं ठेवली की तो फोन खाली ठेवत नाही. ही अंतरं मू-फान आखायचा. आमच्यात सगळ्यांत चांगली त्याचीच असत.

•

मग चहा सुरू झाला. अर्धी साखर, कमी बर्फ. मी एकदाच सांगितलं होतं, पण दुसऱ्या दिवशी टेबलावर पेला हजर!

"लक्षात कसं राहिलं?"

"आकडे राहतात माझ्या लक्षात. अर्धी हा आकडाच आहे."

"म्हणजे मी एक आकडा?"

"अजून हिशेब लागलेला नाही," तो म्हणाला. कान लाल झाले—त्याचेही, माझेही.

मग मेसेज. रविवारी मी विचारलं, *डोंगराकडच्या दुकानात टोफूची खीर खायला येतोस?* लगेच खाली 'वाचलं' उमटलं. आणि मग... काहीच नाही. मी भांडी घासली. पुसून ठेवलेली पुन्हा पुसली. फोन उलटा ठेवला, सुलटा केला.

एक्केचाळीस मिनिटांनी: *येतो. पण दोन वाट्या माझ्या.*

मी स्वयंपाकघरात उडी मारली. आणि उडी पुरी व्हायच्या आत पाय गार पडले. कारण कानांत ढोल वाजत होता. माझाच.

पुढचं उत्तर तीन मिनिटांत आलं. त्यापुढचं एकोणीस. मग पुन्हा तीन. नेम नाही. फोन खाली ठेवता येत नाही.

ही अंतरं मला ओळखीची होती.

त्या रविवारी पाऊस आला. आम्ही दोघं दुकानाच्या पत्र्याखाली अंग चोरून उभे. त्याचा हात माझ्या हाताकडे आला, बोटभर अंतरावर थांबला... आणि खिशात गेला. दुसरी कुणी म्हणाली असती, लाजाळू आहे बिचारा. माझ्या डोक्यात एकच शब्द आला—

जवळजवळ.

•

मी त्या रविवारपासूनची नोंद ठेवू लागले. दोनच रकाने: मी कधी लिहिलं, त्याने कधी. नाव नाही, गाव नाही. वेळांचा कुठलाही तक्ता आम्ही चाचणीच्या सामायिक फोल्डरमध्ये टाकतो. बोटांना सवयच तशी. मीही तिथेच टाकला, आणि विसरले.

आता त्याला मीही मुद्दाम उशिरा उत्तर देत होते. त्याला एकोणीस लागले तर मीही एकोणीस. छातीत धडधड होत असताना फोनकडे बघत बसायचं आणि मिनिटं मोजायची. प्रेम असं असतं का? की हे मी दुसऱ्यांना वर्षानुवर्षं विकत आलेय आणि आता स्वतःच घेतलंय?

शुक्रवारी वाचन असतं. एका खेळाडूची नोंद भिंतीवर लावायची, आणि तो का थांबला, कधी उठणार, कसा धरून ठेवायचा ते सांगायचं. लिंगताईंनी फोल्डर उघडलं.

"हा कोणाचा? नंबर नाही याला. असू दे. मू-फान, वाच."

भिंतीवर माझे दोन रकाने.

खुर्चीवरून उठावं, पण उठले तर सगळ्यांना कळणार.

मू-फान भिंतीजवळ गेला. "डावीकडे माणूस. उजवीकडे... हे आपलं नाही. ही अंतरं कोणी आखलेली नाहीत."

"कशावरून?"

"आखलेल्या बेशिस्तीलाही वळण असतं, ताई. इथे नाही. उशिरा, मग घाईघाईने, मग पुन्हा उशिरा. उजवीकडे जे काही आहे ना, ते घाबरलेलं आहे."

"मशीन घाबरतं होय रे?" कोणीतरी खिदळलं.

"आणि डावीकडचा हा..." त्याने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. "आधी चार सेकंदांत धावत यायचा. मंगळवारपासून समोरचा जेवढा थांबतो, बरोब्बर तेवढाच थांबतो. हा खेळत नाहीये. हा निघायच्या तयारीत आहे."

"मग धरायचा कसा?"

"धरू नये."

"अरे, पगार कशाचा घेतोस तू?"

त्याचं बोट रविवारच्या ओळीवर होतं. एक्केचाळीस. बोट तिथून हललंच नाही. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

•

जिन्यात त्याने मला गाठलं. पाचव्या आणि चौथ्या मजल्याच्या मधे.

"सू-छिन, ते मी—"

"आखतोस का तू?" माझा आवाज फाटला. "एवढंच सांग. चहा, मेसेज, तो पत्र्याखालचा हात... आखतोस का?"

"एक्केचाळीस मिनिटांत मी अकरा मेसेज लिहिले आणि पुसले. एकात तर नुसतंच 'हो' होतं. ते फार उतावळं वाटलं."

"पुसले. म्हणजे पुरावा नाही."

"नाही." तो पायरीवर बसला. "आणि असता तरी काय? मी दाखवेन तो प्रत्येक पुरावा मला बनवताही येतो. हे तुला माहीत आहे. मलाही माहीत आहे. म्हणून तर मला इतकी भीती वाटते."

"तुला? कशाची?"

"की तू मला कामावरून ओळखतेस. मी खरंच अडखळलो, तरी तुला तो डाव वाटणार."

खाली कोणाची तरी चप्पल वाजत गेली. मी त्याच्या शेजारी बसले, कारण उभं राहवत नव्हतं. त्याला वाटलं असेल, मला पटलं.

"माझी भीती गेली नाहीये हं," मी म्हणाले.

"जाऊ नको देऊस. माझीही आहे. दोघं मिळून घाबरू."

"हे काय प्रपोज करणं झालं?"

"नाही, ते वेगळं आहे. ते मी... थांब, म्हणजे मला असं म्हणायचंय की तू... तू मला—"

तो अडकला. आणि आता मी वाट पाहणार होते, पुन्हा, श्वास धरून. ते मला नको होतं. कधीच नको होतं.

"मला तू आवडतोस," मी त्याच्या वाक्यात घुसून म्हणाले आणि त्याचा हात खिशातून ओढून बाहेर काढला. घामाने चिंब होता.

"माझं वाक्य अर्धं राहिलं," तो म्हणाला.

"राहू दे."

मू-फानने राजीनामा एप्रिलमध्येच लिहिला होता, हे मला नंतर कळलं. आम्ही मे महिन्यात भेटलो, आणि त्याने तो पाठवला नाही.